गरम फळी

फळी अजून गरम होती आणि ती धरायला नेमकी तीच पोरगी पुढे आली. मागच्या परीक्षेत तिची फळी तुटली नव्हती, तेव्हा कराटेचे सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "फळीला नावं ठेवू नकोस, तुझं मनच कच्चं!" आज पालकांसमोर तोडायची पाळी सरांची होती. मनगट वर्षभर दगा देत होतं, म्हणून निघण्याआधी त्यांनी फळी तासभर ओव्हनमध्ये सुकवली होती. अशी फळी बिस्किटासारखी मोडते. पोरीने ती हातात घेतली, चमकून सरांकडे पाहिलं आणि पाय रोवून उभी राहिली. एका फटक्यात दोन तुकडे! टाळ्या पडल्या. एक आजोबा कौतुकाने पुढे सरसावले, "बघू गं जरा!" पोरीने तुकडे छातीशी कवटाळले. "नको आजोबा, हातात कुसळ जाईल." रिवाजाप्रमाणे ती सरांसमोर वाकली. सरही वाकले आणि वर यायचं नावच घेईनात.