दहापैकी दहा

‘माझी आई’ या निबंधाच्या शेवटी सातवीतल्या विजयश्रीनं लिहिलं होतं, “बाबांची कंपनीतली नोकरी सुटल्यापासून आई नीट जेवत नाही, बोलत नाही. बाई, तुम्ही एकदा घरी येऊन तिला समजावाल का?”

“अगं वेडाबाई, हा निबंध आहे, अर्ज नव्हे,” कुसुमबाई हसून म्हणाल्या. “समारोप आशादायी असावा. वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे.”

विजयश्रीनं तेवढा भाग खोडला आणि लिहिलं, “आता माझी आई पूर्वीसारखी हसते.” बाईंनी दहापैकी दहा गुण दिले, वर्गात निबंध वाचूनही दाखवला.



गुरुवारी ती वही आईला दाखवायला बाई मुद्दाम निघोज्यातल्या विजयश्रीच्या खोलीवर गेल्या, तेव्हा शेजारणी तिरडीवर आईचा मळवट भरत होत्या.