भुंग्याच्या औषधाचा कागद

"बूट बाहेर काढ," दार उघडून व्हर्ना कांगासने एवढंच म्हटलं.

एइनो साल्मेलाने मुकाट्याने बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. एकोणीस वर्षांनी या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं, आणि तेही असं!

व्हर्ना समुद्रकाठच्या ग्रेलँड गावातल्या क्रॅनबेरी उत्पादक संघाची चिटणीस. एकोणीस वर्षांपूर्वी सभेत एइनो पाण्याच्या चरांवर बोलायला उभा राहिला आणि चाळीस मिनिटं बोलतच राहिला. तिने मध्येच कॉफीची घंटा वाजवली. सगळे उठून केक खायला गेले. एइनोने तिथल्या तिथे संघ सोडला. तेव्हापासून तो गावभर सांगत फिरे, "मला कुणाची गरज नाही."

मग भुंगा आला. त्याच्या अळ्यांनी मुळं कुरतडली. एइनोच्या आजोबांनी लावलेल्या क्रॅनबेरीच्या वेली आता गालिचा गुंडाळावा तशा हाताने उचलून येत. औषध होतं, पण त्याच्या डब्यावर क्रॅनबेरीचं नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या पिकावर ते मारणं गुन्हा. मूठभर शेतकऱ्यांसाठी कंपनी कशाला नाव छापतेय? शेवटी संघाने अर्ज केला आणि राज्याच्या शेती खात्याने फक्त या किनाऱ्यापुरती खास परवानगी दिली. कंपनीची अट एकच होती: वेली करपल्या तर आमच्यावर दावा लावणार नाही, असं लिहून द्या. तो कागद मिळे फक्त संघाच्या सभासदांना.

"सभासद व्हायला आलोय," एइनो टेबलाकडे बघत पुटपुटला.

"काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

"आलंय तुला चांगलं ऐकू."

व्हर्नाने सभासदत्वाचा अर्ज आणि तो कागद पुढे सरकवला. "वाच. मोठ्याने वाच. न वाचता सही करशील आणि उद्या मलाच बोल लावशील."

सहा पानं होती. पाचव्या पानावर एइनोचा घसा बसला. व्हर्नाने कॉफी ओतली. "बघ, या वेळी घंटा नाही वाजवली."

त्याने दोन्हीकडे सह्या केल्या, दारापर्यंत गेला आणि थबकला. "बाकी कुणाकुणाकडे आहे गं हा भुंगा?"

"कुणाकडेच नाही."

"मग संघाने अर्ज कशाला केला?"

व्हर्नाने फडताळातून फाइल काढून त्याच्यापुढे उघडली. 'नुकसान झालेली शेतं' या शब्दांपुढे आकडा होता: एक. मागे एइनोच्या शेताचे सहा फोटो जोडलेले. सगळे रस्त्यावरून, कुंपणावरून हात उंच करून काढलेले. त्यातले दोन वाकडे.

"खात्याला पटवायला दोन वर्षं गेली," ती म्हणाली. "ते विचारायचे, एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला? म्हटलं, तो माणूस स्वतः मागायला मेला तरी येणार नाही."

एइनोने एकेक फोटो उचलून पाहिला. मग त्याने फाइल मिटून तिच्याकडे सरकवली.

"रस्त्यावरून काय कपाळ दिसणार?" तो म्हणाला. "पुढच्या वेळी फाटक उघडून सरळ आत ये."