सत्तावन्न सालचा चाकू

पात्यावर साल कोरलेला घडीचा चाकू जुन्या बाजारात मिळाला, तोही नातीच्या जन्मसालाचा, आणि त्रिंबकरावांना नादच लागला. घरातल्या प्रत्येकाच्या सालाचा एक, असे ते चाकू जमवू लागले. बायकोचा झाला, मुलाचा झाला. मग सत्तावन्नचा हाती आला. धाकट्या भावाचं साल. आईच्या तेराव्याला दोघं भांडले, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

तो काही त्यांना पेटीत ठेवून देववेना. भावाच्या घरी जाऊन त्यांनी चाकू त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

"तुझ्या सालाचा आहे. उचल. हातात दिला की भांडण होतं."

भावानं तळहात पुढे केला.

"भांडण होऊन नऊ वर्षं झाली, दादा. आता हातातच दे."