भरती आणि ब्रेक

"बाबा, तुझ्या एटीव्हीला ब्रेक आहेत का रे?"

हे बिनतारी रेडिओवर, म्हणजे अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं विचारायची पैज माझ्या दोस्तांनी, मीका आणि सियासीने, लावली होती. मी काय घाबरते की काय! आई-बाबा ओहोटी बघून त्या जुनाट, चार जाड चाकांच्या गाडीवरून खाडीत शिंपले काढायला गेले होते.

"आज आहेत की!" बाबा म्हणाला. "असे लागलेत की सुटतच नाहीत. त्यात मागचा एक्सल मोडलाय. चाकाच्या जागी बर्फावरच्या स्लेजची फळी बांधतोय दोरीने."

रेडिओवर हशा पिकला. "जेपिटी, दोरी कमी पडली तर बुटाच्या नाड्या काढ!" बाबाला नावाने हाक मारत काका ओरडला.

मग आईचा आवाज आला, अगदी हळू. "पोरी, भरती सुरू झालीये. पाणी चाकांना लागलं. तुझा बाबा गाडी सोडायला तयार नाही."

"अरे, जाऊ दे ती गाडी, चालत निघ!" काका विनवू लागला.

"आणि कॅरिबूची शिकार आणायला तुझ्या पाठीवर बसून जाऊ?" बाबाचा आवाज फाटला होता. "नवी गाडी आणणारं जहाज पुढच्या उन्हाळ्यात येणार. तोवर घरात खायचं काय?"

मी बटण दाबलं.

"आई, बाबा, अख्खं गाव साक्षीला आहे. मासेमारीच्या स्पर्धेत मी जिंकलेली कोरी एटीव्ही आजपासून तुमची. आता ते खटारं सोडा आणि पळा!"