मोडी वाचकाचा अभिप्राय

बँकेच्या पत्राला सूर्यनारायणरावांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. लेकीच्या बाळंतपणाला सिंगापूरला जायचं, तर पासपोर्ट नवा करायला हवा. त्याची फी होती खात्यात, आणि कॉम्प्युटरबरोबर आलेला नवा मॅनेजर खात्याला हात लावू देईना. तीस वर्षं चाललेली त्यांची मोडीतली सही पाहून तो हसला होता.

"काय सार, शाईत बुडालेल्या मुंग्या चालल्यात का? तुम्हीच ते कशावरून? पासपोर्ट दाखवा."

"त्याच्याच फीसाठी आलोय," राव पुटपुटले.

"मग सही जाणकाराकडे पाठवतो. तोवर पैसे नाहीत."

ते पत्र राजवाड्यातल्या ग्रंथालयात 'मोडी वाचक' या हुद्द्याच्या नावे आलं. तंजावुरात तो हुद्दा एकाच माणसाकडे होता, खुद्द सूर्यनारायणरावांकडे.

"आपणच आपली साक्ष कशी द्यायची?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अहो, लेक तिकडे दिवस मोजतेय आणि तुम्ही इकडे न्यायनिवाडा करत बसलात!" कृष्णवेणीबाई कडाडल्या.

 

आज त्यांनी 'सही अस्सल आहे' असं इंग्रजीत लिहिलं, खाली तीच मोडी सही केली आणि पत्र निर्धास्तपणे टपालपेटीत टाकलं. साहेबाला काय, सगळ्या मुंग्या सारख्याच.