होऊन जाईल

"गाडीच्या सांध्यांत बसवायचे तीस हजार लोखंडी बुश, वीस तारखेपर्यंत. जमेल?" कोरियातल्या किमसाहेबांचा प्रश्न फोनमधल्या एआय दुभाष्याने मराठीत विचारला, आणि ज्योतीरामच्या तोंडून उत्तर निघालंसुद्धा.

"होऊन जाईल, साहेब!"

चाकणच्या आपल्या छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये वीस वर्षं त्याने हेच उत्तर दिलं होतं. सगळेच देतात. आधी ऑर्डर पदरात पाडून घ्यायची, मग बघू. आणि ही ऑर्डर हातची गेली, तर पुढच्या महिन्यात त्याला सात माणसं घरी बसवावी लागणार होती.

पण फोनने भाषांतर केलंच नाही. अगदी अदबीने तो म्हणाला, "ज्योतीरामभाऊ, 'होऊन जाईल' म्हणजे नक्की होईल असं सांगू, की प्रयत्न करू असं? मराठीत दोन्ही अर्थांनी म्हणतात."

शेजारी बसलेली पुतणी दिपाली मान खाली घालून हसली. ज्योतीरामला मात्र प्रश्न पडला. हा दुभाष्या आपल्या बाजूचा की त्यांच्या? "सांग ना बाबा, होईल म्हणून," तो पुटपुटला.

"तुम्ही म्हणाल तेच सांगेन. पण तिन्ही शिफ्ट धरूनही वीस तारखेपर्यंत तुमच्या मशीनवर अठरा हजारच निघतात. काल आपणच दोघांनी गणित मांडलं होतं."

पडद्यावर किमसाहेब वाट बघत होते.

"अठरा हजार," ज्योतीराम एकदाचा म्हणाला. "त्याच्यावर एक नग होणार नाही." आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं त्याला वाटलं.

किमसाहेबांनी आकडा लिहून घेतला. मग काहीतरी बोलले.

"ते म्हणतायत, सकाळपासून तीन कारखान्यांशी बोललो," फोन म्हणाला. "तिघांनीही तीस हजारांना हो म्हटलं, पण विश्वास एकावरही बसला नाही. उरलेले बारा हजार कोण करणार, तेवढं सांगा. ते लाइनवर थांबतायत."

"कोण करणार, काका?" दिपालीने विचारलं आणि भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे रविराजची शेड. तीच मशीनं, तसलाच माल. सहा वर्षांपूर्वी त्याने ज्योतीरामचा ऑपरेटर फोडला. तेव्हापासून दोघं एकाच टपरीवर एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते.

"त्याच्या दारात जाऊ? मी?"

"बारा हजार तिकडे झाले आणि शेवटची तपासणी तुमच्याकडे ठेवली, तर वीस तारीख गाठता येते," फोन म्हणाला. "पण हे माझ्या विचारण्याने व्हायचं नाही. तुम्हालाच जावं लागेल."

"आता हासुद्धा मला शहाणपण शिकवणार!" ज्योतीराम फोन उचलून तरातरा निघाला.

त्याला दारात बघून रविराजने चालू मशीन बंद केलं. कामगार टकामका बघायला लागले.

"बारा हजार नग आहेत, राव." ज्योतीरामचा आवाज उगाचच चढला. "माझ्याच्याने होत नाहीत. तुला झेपतील का? खरं काय ते सांग."

रविराजने हात पुसले. फोनवरचं ड्रॉइंग दोनदा पाहिलं, बोटांवर दिवस मोजले. "दोन मशीनं मोकळी करतो. सतरा तारखेला माल तुझ्या दारात."

ज्योतीरामला हायसं वाटलं. तेवढ्यात किमसाहेबांचा आवाज आला आणि फोनने विचारलं, "हे कोण, असं साहेब विचारतायत."

गेली सहा वर्षं या माणसाला ज्योतीरामने जी जी नावं ठेवली होती, त्यातलं एकही साहेबांना सांगण्याजोगं नव्हतं.

रविराजच फोनकडे वाकला.

"सांगा त्यांना," तो म्हणाला, "उरलेले बारा हजार म्हणजे मी."