संपलेली हरणं

सोलापूरच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढलेली गोजरबाई जाड भिंगांचा नवा चष्मा लावून एसटीनं बार्शीला निघाली होती. शेजारी नवरा रावजी. मोतीबिंदू त्यालाही होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की तो धोतर सावरत पळायचा. नान्नजच्या माळावर गोजरबाईनं ताडकन उठून घंटीची दोरी ओढली. गाडी करकचून थांबली. “काय राहिलं, मावशी?” कंडक्टर खेकसला. “राहिलं न्हाय, दिसलं! हरणं बघा की!” अख्खी गाडी खिडक्यांकडं लोटली. काळविटामागं कळप उड्या मारत रस्ता ओलांडत होता. प्रवासी मोजणारा कंडक्टर हरणं मोजू लागला आणि चाळिसाला चुकला. रावजीला नुसतं धुकं दिसलं. माळावरची हरणं संपली, असं तो पाच वर्षं पारावर छातीठोक सांगत होता. “लई हायती?” त्यानं विचारलं. “लई!” रावजीनं धोतर सावरलं. “मला हितंच उतरवा. सोलापूरची गाडी कवा हाय?”